अकरा हजारांची बादली

पहिल्यांदा एक कबूल करते. बेळगावजवळच्या खानापुरात सख्खी आत्या आहे, तिचं ऐसपैस कौलारू घर आहे (कौलं पण खानापूरचीच), आणि तरी मी जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या रस्त्याला एक रिसॉर्ट बुक केलं. कारण आत्याचं संडास परसात आहे, जुलैत रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन जावं लागतं आणि माझ्या नवऱ्याला जळवांची भीती वाटते. त्याला विचाराल तर तो म्हणेल बायकोला वाटते.

रेट एका रात्रीला साडेनऊ हजार. वर 18 टक्के जीएसटी, कारण साडेसात हजारांच्या वरची खोली म्हटली की 18 लागतोच, म्हणजे झाले 11,210. दोन रात्री. ऑनलाइन पैसे भरताना मी स्वतःला सांगत होते की वर्षातून एकदा चालतं, मुलीला जंगल दिसेल, पाऊस दिसेल, शिवाय फोटोत तो बाथटब दिसत होता ना, मोठ्या काचेला लागून, बाहेर नुसतं हिरवंगार. त्या टबालाच मी भुलले.

पुणे ते बेळगाव रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, कोल्हापूरच्या पुढे काम चालू होतं एवढंच.

खोलीचं नाव 'फॉरेस्ट व्ह्यू'. पडदा सरकवला तर समोर जनरेटरची शेड. आता शेडच्या मागे जंगल होतं, त्यामुळे खोटं बोलले असं काही म्हणता येत नाही. आत शिरल्याशिरल्या कुबट वास, त्यावर लॅव्हेंडरचा फवारा, दोन्ही मिळून जे काही होतं त्याला मराठीत शब्द नाही. चादर दमट. या पट्ट्यात पाऊस कसा असतो ते लहानपणापासून माहीत आहे मला, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात तीच खाली हब्बनहट्टीला मारुतीचं देऊळ पाण्याखाली घेते, तेव्हा चादर कोरडी मिळणं अवघडच. पण मग लोकांकडून साडेनऊ हजार घेता कशाचे, असं मनात येतंच की. आत्याकडे पावसाळ्यात गोधड्या चुलीच्या वर दोरीला टांगतात, धुराचा वास येतो पण कोरड्या असतात.

पहिल्या दिवशी सकाळी टबाचा नळ सोडला. पाणी गार. पाच मिनिटं सोडून ठेवलं, गारच. रिसेप्शनला फोन केला तर पलीकडून इंग्रजी, तेही घोकल्यासारखं, 'वुई विल सेंड समवन मॅम'. अर्ध्या तासाने एक पोरगा आला, विशीचा असेल, टाय लावलेला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. हिंदीत सुरू केलं त्याने. मी म्हटलं अरे मराठी बोल की, मी खानापूरची भाची आहे. त्याने आधी मागे वळून दाराकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाला,

"सोलर हाय ओ ताई. चार दिवस ऊन नाही, पाणी काय गरम होणार. करंट पण गेलंय रात्रीपासून, जनरेटरवर गीझर लावायला देत नाहीत."

"मग आंघोळीचं काय?"

"किचनमधनं आणून देतो की."

आणि दिलं आणून. निळी प्लास्टिकची बादली, वाफाळती, आणि मगाऐवजी ज्यूस वाढायचा काचेचा जग, कारण मग कुठल्याच खोलीत नाही म्हणे, 'मॅनेजमेंटला बरं दिसत नाही'. बादली त्याने बरोबर टबाच्या मधोमध ठेवली. मी त्या पांढऱ्याशुभ्र टबात उकिडवी बसून काचेच्या जगाने आंघोळ केली, जग हातातून निसटेल या भीतीने अर्धं अंग कोरडंच राहिलं, समोर ती भली मोठी काच आणि काचेपलीकडे जनरेटर. नवऱ्याला इतकं हसू येत होतं की त्याला बाहेर काढावं लागलं. पोराला शंभर रुपये द्यायला गेले तर घेईना, घेऊन गेला शेवटी.

दुपारी हलशीला गेलो. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, आत दोन टोकांना समोरासमोर दोन गाभारे, आणि त्या दिवशी आमच्याशिवाय तिथं फक्त एक कुत्रं, तेही भिजलेलं. संपूर्ण ट्रिपमधला तेवढा एक तास चांगला गेला, आणि तो फुकट होता.

चारला परत आलो तर लॉबीत सोफ्याच्या अगदी कडेला आत्या बसलेली.

रिसॉर्टवर रेंज नाही, त्यामुळे फोन न करताच आली होती. खानापूरहून जांबोटीच्या एसटीने, कर्नाटकात 2023 पासून बायकांना साधी बस फुकट आहे, आणि जांबोटीच्या पुढे कुणाच्या तरी टेम्पोतून. सत्तरी ओलांडलीय तिने. दीड तास बसली होती. खोलीत सोडलं नाही कारण गेस्ट हजर नाहीत, चहा विचारला होता, तो ट्रेमध्ये तसाच पडलेला, किटली वेगळी, दूध वेगळं, साखरेच्या पुड्या वेगळ्या.

"सगळं आपणच करायचं तर ह्यो करतो काय?" आत्याचा पहिला प्रश्न. मग आजूबाजूला बघून, "बेळगावच्या अधिवेशनाला आमदार येतात ते असल्यात राहतात व्हय ग?"

मी विचारलं हातात काही नाही आणलंस, कारण आत्या रिकाम्या हाताने आली असं माझ्या जन्मात झालेलं नाही. तर डबा होता. तो गेटवर काढून घेतला होता, बाहेरचं खाणं आत चालत नाही, चेक-आउटला मिळेल. नवरा गेटवर जाऊन भांडून आला, वॉचमन बिचारा म्हणाला, साहेब माझी नोकरी जाईल. पाऊस वाढत होता, मी म्हटलं राहू दे, उद्या घेऊ.

आम्ही तिला गाडीने सोडायला निघालो. वाटेत तिने भाडं विचारलं. मी साडेतीन सांगितलं. हजार लावायचं सुद्धा धाडस झालं नाही, नुसतं साडेतीन. "साडेतीनशे? बरं हाय की मग," आत्या म्हणाली आणि मी गप्प बसले, खिडकीबाहेर बघत. तेवढ्यात माझ्या मुलीने बादलीची गोष्ट सांगून टाकली, जगासकट. आत्या हसून हसून पदराने डोळे पुसायला लागली. "अग बादली तर आमच्याकडं पण हाय की!"

घरी पोचलो तर न्हाणीतल्या चुलाण्यावर हंडा तापत होता. आम्ही येणार हे धरूनच जावेला सांगून आली होती. आंघोळ करून जा, जेवून जा, आता कशाला रात्रीचं जाऊलीस. आणि आम्ही गेलो. का गेलो तर पॅकेजमध्ये डिनर बुफे इन्क्लूड होता. हे लिहिताना लाज वाटतेय पण खरं कारण तेच, पैसे भरलेत तर खाऊ असा हिशेब. बुफेला 'बेळगाव स्पेशल' अशी पाटी लावून कुंदा ठेवला होता, फ्रीजमधला, दगडासारखा, चमचा वाकला.

चेक-आउटला बिल. वीस रुपये छापलेली पाण्याची बाटली नव्वदला, अशा सहा. नवरा म्हणाला एमआरपीच्या वर कसं घेता, मॅनेजरने शांतपणे सांगितलं सुप्रीम कोर्टाचा 2017 चा निकाल आहे, हॉटेलला चालतं. आणि तो आहे खरा, नंतर तपासलं. जेवणावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला, त्यावर मात्र मी अडून बसले, तो सक्तीने लावता येत नाही, 2022 पासून तशा गाइडलाइन्स आहेत. काढला. ट्रिपमधला आमचा एकमेव विजय.

डबा रिसेप्शनच्या मागच्या फळीवर, सामानाच्या बॅगांमध्ये, झाकणावर खोली नंबरचं स्टिकर. स्टीलचा, दोन कड्यांचा, फडक्यात बांधलेला. गाडीत बसल्यावर गाठ सोडली. हळदीच्या पानांचा वास आधी आला आणि त्याच्या मागोमाग आंबूस. पातोळ्या होत्या. ओलं खोबरं, रात्रभर फळीवर, अशा दमट हवेत काय टिकणार. नवऱ्याने तरी एक पान सोलून खाल्लीच, मला खाववली नाही.

फडक्याच्या गाठीत दोन कागद होते. एक बसचं झिरो तिकीट. दुसरी रिसॉर्टची पावती, व्हिजिटर चार्जेस, पाचशे रुपये फक्त. मी परत आत गेले. मॅनेजर म्हणाला पॉलिसी आहे मॅम, गेटवरच सांगितलं जातं, त्यांनी पे केलं, रिफंडसाठी ईमेल करा. केलाय ईमेल, तीन वेळा.

आत्याला फोनवर विचारलं, तू सांगितलं का नाहीस. तर म्हणाली, "साडेतीनशेची खोली आणि बसायला पाचशे, मला वाटलं मीच कायतरी चुकीचं ऐकलं." आणि मग लगेच, पातोळ्या कशा झाल्या होत्या. मस्त झाल्या होत्या म्हटलं.

डबा अजून पुण्यात माझ्या ओट्यावर आहे. स्टिकरचा चिकटपणा गरम पाण्याने जात नाही, खोबरेल लावून बघितलं, थोडा गेला. रिकामा परत द्यायचा नसतो, आणि गणपतीला खानापूरला जायचंय, तर आत काय घालून न्यायचं ते ठरत नाहीये.