पकडलेला कार्बन जातो कुठं?

अकरावीला प्रकाशसंश्लेषण शिकवून झालं की मी दरवर्षी एक वाक्य टाकतो. जगातल्या हिरव्या पेशी वर्षभरात जेवढा कार्बन साखरेत बांधतात, त्यातला जवळपास अर्धा समुद्रातले वनस्पती-प्लवक बांधतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या पेशी. परभणीपासून जवळचा किनारा 400 किलोमीटरवर. वर्गातल्या बहुतेक पोरांनी समुद्र मोबाइलवरच पाहिलेला. तरी प्रश्न येतोच, आणि तो चांगला प्रश्न आहे: "सर, झाडाचं लाकूड दिसतं तरी. समुद्रानं धरलेला कार्बन ठेवलाय कुठं?"

पालक विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले पाहुणे विचारतात, आणि जिंतूरकडचे आमचे दाजी तर दर भेटीला विचारतात. तुकड्यातुकड्यांनी देत आलेलं उत्तर एकदा सलग लिहून काढतो.

आधी पकडणं. झाडाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड सरळ आत घेतं. समुद्रात तेवढं सोपं नाही. तिथं हा वायू पाण्यात विरघळला की बहुतेक सगळा बायकार्बोनेट होऊन बसतो. समुद्रात विरघळलेल्या अशा कार्बनपैकी सुमारे 90 टक्के बायकार्बोनेट. वायूच्या रूपात उरतो तो जेमतेम एखादा टक्का. आणि पेशीतलं रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम), ज्याच्या हातून कार्बन साखरेच्या वाटेला लागतो, ते बायकार्बोनेटला हातही लावत नाही. त्याला कार्बन डायऑक्साइडच पाहिजे. वर हे विकर कामाला भलतं संथ, आणि जवळ ऑक्सिजन दिसला तर चुकून तोच उचलणारं. पोरांना मी सांगतो, खाणाऱ्याला गूळच लागतो आणि घरात नुसते उसाचे भारे पडलेत. मग काय करायचं? गुऱ्हाळच ताटाशेजारी मांडायचं. प्लवक तेच करतात. ऊर्जा खर्चून बायकार्बोनेट आत ओढतात, रुबिस्कोच्या अगदी जवळ त्याचा पुन्हा वायू करतात आणि रुबिस्कोभोवती त्या वायूची गर्दी करून सोडतात. वरच्या पाण्यातला वायू असा कमी झाला की तूट भरायला हवेतला वायू पाण्यात उतरतो. हवेतून पकडणं म्हणतात ते इथं घडतं.

हे फळ्यावर कोरडं वाटतं, म्हणून दाजींच्या शेततळ्याला आम्ही कामाला लावलं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी खाली गेलं की प्लॅस्टिकच्या अस्तरावर तपकिरी, बुळबुळीत थर राहतो. तो बोटानं खरवडून बिसलेरीच्या बाटलीत भरला आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला. 400 पटीला होडीच्या आकाराच्या सोनेरी पेशी दिसल्या. काचेसारख्या कडा, आत दोन पिवळसर पट्टे. डोळा लावून बसलेली एक मुलगी ओरडली, "सर, हे चालायलंय की!" चालतच होतं. सावकाश पुढं, थांबून मागं, परत पुढं. हे डायटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पतीही म्हणतात, कारण कवच झाकणाच्या करंड्यासारखं दोन भागांचं असतं. आमचे गोड्या पाण्यातले होते, पण समुद्रातल्यांचं घराणं तेच.

करंडा सिलिकाचा, म्हणजे काच जिच्यापासून होते त्याच द्रव्याचा असतो, आणि सिलिका येते खडकातून. आपल्या काळ्या रानाखालचा बेसॉल्ट पावसानं झिजतो, सिलिका विरघळते. येलदरीच्या धरणात थोडी अडते, बाकीची पूर्णेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे तिकडच्या एखाद्या डायटमच्या अंगावर जिंतूरच्या दगडाचं कवच असू शकतं. दाजींना हे फार आवडलं. त्यानंतर आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते.

आता ठेवण्याचं. इथं लोक चकतात, आणि "समुद्र म्हणजे पृथ्वीची फुफ्फुसं" असली वाक्यं त्यांना आणखी चकवतात. जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींच्या अंगात मिळून साधारण 450 अब्ज टन कार्बन आहे. समुद्रातल्या सगळ्या प्लवकांच्या अंगात? सुमारे 1 अब्ज टन. पण हेच प्लवक वर्षाला 50 अब्ज टनांच्या आसपास कार्बन बांधतात. भागाकार करून बघा, दर आठवड्याला सगळं पीकच नवं होतं. झाड म्हणजे वखार आणि प्लवक म्हणजे मोंढ्यातली आडत. संध्याकाळी आडत्याच्या दुकानात डोकावलं तर चार पोती दिसतील. म्हणून धंदा चार पोत्यांचा समजू नये, वही बघावी.

मग माल जातो कुठं? बराचसा तिथंच उडतो. सूक्ष्म प्राणी प्लवक खातात, जिवाणू उरलंसुरलं कुजवतात, आणि काही दिवसांत कार्बन पुन्हा पाण्यात सुटतो. फक्त एक हिस्सा, ढोबळमानानं 50 मधले 10 अब्ज टन म्हणा, उजेडाच्या थराखाली उतरतो. एकटी पेशी इतकी हलकी की तिला खोल जायला महिनोन्‌महिने लागतील. पण मेलेल्या पेशी चिकटून त्यांचे पुंजके होतात, खाणाऱ्यांच्या लेंड्या पडतात, आणि हे सगळं दिवसाला कित्येक मीटर वेगानं खाली झिरपत राहतं. नद्यांनी आणलेले गाळाचे कण पुंजक्यांत अडकले की वजनानं ते आणखी लवकर बुडतात. वाटेत जिवाणू खातच असतात. तळाच्या चिखलात कायमचा गाडला जातो तो बांधलेल्या कार्बनच्या एक टक्क्याहूनही खूप कमी.

म्हणजे प्रश्नाचं सरळ उत्तर असं: कार्बन प्लवकांत ठेवलेला नाही, बहुतांशी चिखलातही नाही. तो खोल, अंधाऱ्या, थंड पाण्यात विरघळलेला आहे. हजार मीटर खाली कुजला तरी तिथलं पाणी हवेला भेटायला शेकडो वर्षं लागतात. तेवढाच काय तो उशीर. पण हा उशीर लागला नसता तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा बराच जास्त असता.

एक गल्लत मात्र मी वर्गात चालू देत नाही. आपण गाड्या-कारखान्यांतून सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषतो, हे खरं. पण ते श्रेय प्लवकांचं नाही. हवेत वायू वाढला म्हणून तो पाण्यात जास्त विरघळतो, एवढंच. 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 भाग होते, आता 420 च्या पुढं गेलेत. प्लवक आपलं काम त्याआधीही करत होते.

दाजी शेतकरी माणूस. त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं: "मग खत टाका की मास्तर!"

टाकून बघितलंय. समुद्राच्या मोठ्या पट्ट्यात नत्र-स्फुरद भरपूर असूनही प्लवक वाढत नाहीत, कारण लोह नाही. आपल्या चुनखडीच्या रानात पीक पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि आपण हिराकस, म्हणजे लोहाचं खत, फवारतो, तसंच. 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञ यांनी मिळून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरवर हिराकसच सोडलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स, त्यातलं लोहा आपलंच. प्लवक वाढले. पण त्या पाण्यात सिलिका नव्हती, त्यामुळे कवचवाले डायटम उठलेच नाहीत. जे मऊ प्लवक उठले ते चिमुकल्या प्राण्यांनी फस्त केले. खाली बुडालं फारच थोडं.

दाजींनी तंबाखू मळता मळता ऐकलं. म्हणाले, "म्हणजे पीक आलं, पण हरणांनी खाल्लं." मला याहून चांगला सारांश जमलेला नाही.

खत घालणारा खरा गडी वेगळाच आहे. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी ढकलून देतो, खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं आणि अरबी समुद्र हिरवा होतो. पण त्या पाण्यासोबत पूर्वी बुडालेला कार्बनही वर येतो, म्हणून एवढे प्लवक असूनही अरबी समुद्र हवेतून घेतो त्यापेक्षा हवेला जास्त देतो. पुढं तोच मोसमी वारा सह्याद्रीवर बहुतेक पाऊस रिता करून उरलेलं आपल्याकडं आणतो.

गेल्या जूनमध्ये बांधावर उभं राहून हे सांगत होतो. वारं सुटलेलं, ढग नुसते पळत होते, सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या ओसरीत तशाच. दाजी पश्चिमेकडं बघत म्हणाले, "म्हणजे त्यांची पेरणी उरकली म्हणायची."