पिवळ्या पळसाची आवई

होळीच्या आदल्या आठवड्यात ऑफिसातून फोन आला, "तुमच्या बीटात पिवळा पळस फुललाय म्हणे. बघून कळवा." गौताळ्याचं २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आणि बातमी नेमकी कन्नड तालुक्याच्या बाजूला, माझ्याच बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या पट्ट्यात. मला वनरक्षक होऊन दुसरंच वर्ष. पिवळा पळस असतो, पण क्वचित; त्याच्या मुळीनं गुप्तधन दिसतं म्हणणारे मात्र गावोगाव. म्हणून सकाळीच निघालो.

खालून पाहिलं तर मलाही पळसच वाटला. कातळाच्या उतारावर एक पान नाही, नुसता पिवळा धमक. वर पोचेपर्यंत तोंडाला कोरड पडली होती. खाली पडलेलं फूल उचललं. तळहाताएवढं, पाच पाकळ्या सताड उघड्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. पळसाचं फूल असं नसतंच. त्याची चोच पोपटासारखी वाकडी, पुंकेसर दहाच आणि तेही चोचीत लपलेले, देठाशी काळपट मखमली वाटी. मग पिवळी काटेसावर? पण खोडावर काटा नव्हता, आणि खालचं वाळकं पान पंजासारखं खाचांचं असलं तरी एकसंध होतं. सावरीच्या पानाला सुट्या पर्णिका असतात. फांदीला मागच्या सालचं फुटकं बोंड लटकलेलं, आत चिमूटभर कापूस.

तेवढ्यात एक काळा भुंगा फुलाला बिलगला आणि त्याची गुणगुण एकदम चढली. या फुलात मध नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं, थरथरवल्याशिवाय पराग पडत नाहीत. वहीत लिहायचं सोडून मी अर्धा तास तेच बघत बसलो.

"पळस कुठला साहेब, गणेर हाय ती," शेळ्या घेऊन आलेले बाबा म्हणाले. पुस्तकातलं नाव सोनसावर. मी रिपोर्टात दोन्ही लिहिली.

उतरताना दोघं भेटले, एकाच्या खांद्यावर कुदळ. फूल दाखवून म्हटलं, "पळस नाही, गणेर आहे." दोघांचे चेहरे उतरले.

"मग ह्याचा काय उपेग?"

"डिंक निघतो," मी बोलून गेलो आणि जीभ चावली. डिंकासाठी सालीला खाचा पाडतात. मुकाट्यानं मागं फिरलो आणि दिवस मावळेपर्यंत त्या झाडाखालीच बसून राहिलो.