तुम्ही विचारलंत म्हणून: चोर घरात शिरला तर हत्यार उचलावं का?

"रात्री घरात शिरलेल्या चोराला मी मारलं, तर मीच आत जाणार का?" हा प्रश्न सुट्ट्या लागायच्या आधी हमखास येतो. मागोमाग दुसरा: उशाशी कोयता ठेवू, की बंदुकीचं लायसन्स काढू?

कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि चांगलाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा जिवाची अथवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी वा घुसखोरी. कलम ४१ प्रमाणे अशा वेळी समोरच्याचा जीव गेला तरी बचाव उभा राहतो. घरफोडी म्हणजे मात्र कुलूप उघडून, कडी काढून, भिंत चढून आत येणं. दार सताड उघडं असताना कोणी शिरला, तर ती नुसती घुसखोरी, आणि भीती का वाटली हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून उचकटलेली कडी, वाकलेला गज पंचनामा होईपर्यंत जसाच्या तसा राहू द्या.

माणसं अडकतात ती पुढच्या मिनिटात. कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. अंगावर धावून आलेल्याला हाणलेली काठी वेगळी आणि तो खाली पडल्यावर, हातातली सुरी सुटल्यावर घातलेले घाव वेगळे. शवविच्छेदनात जखमा पाठीवर निघाल्या, की "तो अंगावर आला होता" हे सांगणं फार अवघड जातं. आधी काही न ठरवता, गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना, सद्भावनेने मर्यादा ओलांडली असेल तर खुनाऐवजी कलम १०५, सदोष मनुष्यवध लागतं. त्यातही शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. चोराला खांबाला बांधून बदडलं तर बचाव उरतच नाही. पकडलात तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करा.

सापळा तर कधीच लावू नका. चेरुबिन ग्रेगरी खटल्यात शेजारी आपला संडास वापरतात म्हणून मालकाने वाटेत वीज सोडलेली उघडी तार लावली होती. शेजारची बाई शॉक लागून गेली. आगंतुक असली तरी तिचा जीव असा घेता येत नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये त्याची शिक्षा कायम ठेवली. तार माणूस ओळखत नाही. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात करंट सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता हत्यारांचं. शेतीचा कोयता, स्वयंपाकघरातली सुरी घरात असतेच. हौसेने आणलेली तलवार किंवा गुप्ती सापडली तर हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि चोराच्या केसमध्ये तुम्हीच आरोपी होता. बंदुकीचा परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात, वय किमान २१ लागतं. पण नियमाप्रमाणे कुलपात ठेवलेली बंदूक झोपेतून उठून, अंधारात काढून भरेपर्यंत चोर आत आलेला असतो. शिवाय गोळी लाकडी दार भेदून पलीकडे झोपलेल्या पोराला लागू शकते. फ्लॅटमध्ये बंदूक नकोच, असं माझं ठाम मत आहे. मिरचीचा स्प्रेही बंद खोलीत तुमच्याच डोळ्यांत जातो.

पैसे घालायचेच तर लोखंडी सेफ्टी डोअर, बेडरूमला आतून दणकट बोल्ट, जिन्यावर हालचालीने पेटणारा दिवा आणि सायरन यांत घाला. हाताशी काठी आणि फोन. आवाज आला की सगळ्यांना एका खोलीत घेऊन आतून बोल्ट लावा, दिवे लावून ओरडा आणि ११२ फिरवा. तुम्ही मदत मागितली होती याची वेळेसकट नोंद तिथे होते.

झटापट झालीच तर फरशी पुसू नका, रक्ताचे कपडे धुवू नका. बचाव सिद्ध करण्याचं ओझं भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम १०८ ने तुमच्यावर आहे. निर्विवाद पुरावा लागत नाही, पण तुमची हकीकत जास्त संभवनीय तरी वाटायला हवी. त्यासाठी अंगावरचे ओरखडे आणि वळ त्याच रात्री सरकारी दवाखान्यात तपासून घ्या आणि जखमांची नोंद कागदावर आल्याशिवाय तिथून निघू नका.