कोल्हापूर ते पुणे: हेअर ट्रान्सप्लांट आणि त्यानंतरचं वर्ष

हेअर ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की सगळे आधी विचारतात, "ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट काढून दुसरीकडे लावायचे एक-दोन-तीन केसांचे पुंजके) किती लागले?" माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा. आधी बघायचं ते डोक्यामागे शिल्लक किती आहे, आणि ऑपरेशन नेमकं कोणाच्या हातून होणार. कोल्हापूरहून पुण्याला जाऊन मी हे करून आलो त्याला वर्ष उलटून गेलं. शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीतली तरुण पोरं अजून खोदून खोदून विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

शिल्लक म्हणजे काय ते आधी सांगतो. पुरुषांचं टक्कल पडतं ते डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे. मागचे आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस त्याला सहसा बळी पडत नाहीत. हे केस पुढे लावले तरी मूळच्या जागेचा गुण टिकवतात, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1950च्या दशकात दाखवलं आणि आजचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. मात्र मागून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. विशीत सगळा साठा कपाळावर वापरून टाकला आणि चाळिशीत टाळू उघडी पडली, तर लावायला काही उरत नाही. म्हणून टक्कल अजून झपाट्याने सरकत असेल तर घाई करू नका. आणि चाई पडली असेल, म्हणजे गोल चट्ट्यांत केस गेले असतील, तर तो आजारच वेगळा, आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

चौकशी करताना एका ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बघून तिथल्या मुलीने साडेचार हजार ग्राफ्ट सांगितले, आणि आजच पैसे भरले तर सूट. तिथून मी उठलो. ज्यांच्याकडे शेवटी गेलो त्या डॉक्टरांनी भिंग लावून मागचे केस बराच वेळ तपासले आणि म्हणाले, "पुढची रेषा मी खाली आणणार नाही. तुमच्या वयाला शोभेल अशीच ठेवू. टाळूला आत्ता हात नको, आधी सहा महिने औषध घ्या, मग बोलू." कमी करायला सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करायचं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा तसा अनुभव असलेले त्वचारोगतज्ज्ञ. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही, हेही त्यात लिहिलंय. तेव्हा विचारायला लाजू नका: भूल कोण देणार, चिरा कोण पाडणार, तुम्ही दिवसभर थांबणार का, काही झालं तर जवळ आयसीयू कुठे? 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एका बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतले आणि त्यानंतर त्यांचा मृत्यू झाला. तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय होता. ती बातमी वाचल्यापासून "एकाच दिवसात सगळं" या जाहिरातींचा मला राग येतो.

आता तारीख. दिवाळी झाल्यावर थंडीत जा. घाम कमी, ऊन सौम्य. आपल्याकडे चैत्रात जोतिबाची यात्रा आणि पुढे गणपती, दोन्हीकडे गुलाल. ताज्या जखमांवर गुलाल पडता कामा नये, म्हणून त्याआधीचा महिना टाळा. लग्नासाठी करायचं असेल तर लग्नाच्या आधी पूर्ण वर्ष धरा. दोन महिने आधी केलंत तर वरातीत केस आताच्यापेक्षाही विरळ दिसतील. कारण पुढे येतंच.

ऑफिसात बसणाऱ्याला आठवडा-दहा दिवसांची रजा पुरते. भट्टीवर, मोल्डिंगला किंवा उन्हात काम करणाऱ्याचं तसं नाही. उष्णता, वाळूची धूळ आणि वरून सेफ्टी हेल्मेट. मी सुपरवायझर साहेबांशी आधीच बोलून घेतलं आणि परतल्यावर महिनाभर डिस्पॅचच्या टेबलावर बसलो. मोटारसायकलचंही तेच. हेल्मेट केव्हापासून चालेल ते डॉक्टरांना विचारा, आणि तोवर गाडीच चालवू नका. हेल्मेटशिवाय चालवणं हा काही उपाय नाही.

खर्चाचं थोडक्यात. मेडिक्लेम यात चालत नाही. सौंदर्यासाठीच्या हेअर ट्रान्सप्लांटला जीएसटीची सूट नाही, बिलावर 18 टक्के लागतो. सांगितलेला दर करासह की कराविना, औषधं आणि नंतरच्या तपासण्या त्यात धरल्यात का, हे लिहून घ्या. रक्ततपासण्या (सीबीसी, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी) आणि ईसीजी मी कोल्हापुरातच करून रिपोर्ट आधी पाठवले. बीपीच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा इतर कुठल्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, गोळ्या देणारे आणि ऑपरेशन करणारे, दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा. तंबाखू, सिगारेट, दारू मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस आधीपासून खरंच बंद. सिगारेटने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि लावलेली मुळं त्याच रक्तावर जगायची असतात.

जाताना सकाळची कोयना एक्स्प्रेस धरली आणि कोथरूडला ताईकडे उतरलो. लॉजवर राहणार असाल तर दवाखान्याजवळचं बघा आणि बरोबर कोणीतरी न्या. पिशवीत पुढून बटणं असलेले शर्टच भरा, डोक्यातून घालायचं काही नको. विमानात वापरतात ती गळ्याभोवतीची उशीही घ्या.

ऑपरेशन एफयूई पद्धतीने झालं, म्हणजे बारीक यंत्राने एकेक मूळ सुटं काढून. आधी पालथं झोपवून मागची मुळं काढतात, जेवणाची सुट्टी होते, मग उताणं झोपवून पुढे लावतात. भुलेची इंजेक्शनं डोक्याच्या कातडीत देतात, तेवढी चांगलीच झोंबतात. त्यानंतर फक्त दाब आणि यंत्राची घरघर. यंत्राचं टोक एक मिलिमीटरच्या आसपास असतं. मधल्या सुट्टीत मी डॉक्टरांना विचारून ग्राफ्ट बघितले. थंड सलाइनने भिजवलेल्या गॉजवर दहा-दहाच्या ओळी, प्रत्येक ग्राफ्टला एक, दोन किंवा तीन केस आणि खाली पांढुरका कोंब. कांद्याचं तरू उपटून पाटात मांडावं तसंच दिसलं. एका केसाचे वेगळे काढलेले होते. ते अगदी पुढच्या रेषेत लावतात म्हणून रेषा खरी वाटते. एक सिस्टर ते बाजूला करत होत्या आणि दुसऱ्या मोठ्याने आकडा सांगत कागदावर टिपत होत्या. मोजणी अशी तुमच्यासमोर होत असेल तर ते दुकान नव्हे, दवाखाना आहे असं समजा.

पहिल्या रात्री झोप कमीच लागली. डोकं उंचावर ठेवून, साधारण 45 अंशांत, पाठीवरच झोपायचं असतं. ताईने आरामखुर्ची दिली आणि तीच उत्तम ठरली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी बदलली, पहिली धुलाई कशी करायची ते दाखवलं. ती बघितल्याशिवाय पुणे सोडू नका. शांपूचा फेस हातावर करून नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. शॉवर नको, कोमट पाणी तांब्याने जवळून, हळू सोडायचं.

परतीचा प्रवास दाजींच्या गाडीतून. एसटीच्या सीटला मागचा भाग घासतो आणि रेल्वेच्या बर्थवर आडवं पडून जाणं तर नकोच. गाडीत चढताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटणं, ही या प्रवासातली सगळ्यात मोठी भीती. आधी बसा, मग मान आत घ्या. पुण्याहून येताना खंबाटकीची वळणं लागली, पुढे कराड-पेठनाक्याच्या बाजूला तेव्हा रस्त्याच्या कामाचे डायव्हर्जन आणि खड्डे होते. "दाजी, जरा सावकाश," हे मी सारखं म्हणत होतो आणि ते बिचारे साताऱ्यापासून चाळीसच्या वर गेलेच नाहीत. दर तासाला थांबून सलाइनचा फवारा मारला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते. आरसा बघून माणूस घाबरतो, घरचे त्याहून जास्त. कपाळावर गार पट्टी ठेवा, लावलेल्या केसांवर मात्र अजिबात नाही. चार-पाच दिवसांत सूज ओसरते. खपल्या साधारण दोन आठवड्यांत आपोआप सुटतात. खाज सुटते, पण नख लावायचं नाही. तालीम, जोर-बैठका, पोहणं महिनाभर बंद. देवळात वाकून डोकं टेकवण्याऐवजी हात जोडा, अंबाबाई समजून घेते.

मग येतो सगळ्यात कठीण काळ. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात आणि कधी कधी आजूबाजूचे जुनेही. मूळ आत जिवंत असतं, फक्त वरची काडी पडते. याबद्दल घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर "पैसे वाया गेले" हे रोज ऐकावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक लव दिसते, अधूनमधून पुळ्याही येतात. सहाव्या महिन्यात लोकांच्या लक्षात येतं, आणि पूर्ण निकालाला 12 महिने लागतात. टाळूवर त्याहून उशीर. मागचा भाग काही आठवडे बधिर राहतो. तेही सावकाश जातं.

ऑपरेशनने टक्कल थांबत नाही. जुने केस टिकवायला मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टराइड चालू ठेवावं लागू शकतं. फिनास्टराइडने काहींना लैंगिक तक्रारी किंवा मन उदास होण्याचा त्रास होतो, तेव्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्याची तुटलेली गोळी घरातल्या गरोदर बाईच्या हाताला लागू देऊ नका.

आणि ताप आला, पू दिसला, कातडी काळी पडू लागली किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी फोटो पाठवा, फोन करा, आणि तिकडून उत्तर आलं नाही तर जवळच्या सर्जनकडे जा. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा स्वतःचा नंबर याचसाठी मागून घ्यायचा.