कंबरदुखी आणि पाचवडचा थांबा

२०१९ च्या दिवाळीआधी माळ्यावरचे डबे काढताना कंबर धरली, ती सुटलीच नाही. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती थोडी सरकलेली निघाली. गोळ्या, पट्टा, शेक, फिजिओथेरपी, इंजेक्शनं, सगळं झालं. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं असली धोक्याची लक्षणं नाहीत, ऑपरेशनची गरज नाही, हे डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं. तरी दुखणं होतंच. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट वेदना म्हणतात. माझी चौथ्या वर्षात गेली होती.

पुण्याच्या पेन क्लिनिकमधून मला मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं, तेव्हा मी वाटभर रडले. वाटलं, माझं दुखणं यांना खोटं वाटतंय. पण मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं, "दुखणं खरंच आहे. त्याच्यापायी तुमचं काय काय बंद पडलंय, त्यावर आपण बोलू." या उपचाराचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. अमेरिकेतल्या स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला.

मी अडले ती 'स्वीकार' या शब्दापाशी. आमच्या घरातल्या बायकांनी जन्मभर दुसरं केलंय काय? आजी गुडघे धरून चुलीपुढे बसायची. आई म्हणायची, "सोसायचं, बोलायचं नाही." मी चिडून म्हणाले, "सोसायलाच शिकवणार असाल तर ते मला येतं."

मॅडमनी एक जाडजूड फाइल दिली आणि हात लांब करून ती अंगापासून दूर धरायला लावली. थोड्याच वेळात खांदे भरून आले. "आता हा चहा घ्या," त्या म्हणाल्या. घेणार कशी? दोन्ही हात अडकलेले. मग त्यांनी फाइल मांडीवर ठेवायला सांगितली. वजन तेवढंच, पण हात मोकळे झाले. सोसताना मी चार वर्षं दातओठ खाऊन ती फाइल लांब धरून बसले होते.

एकूण दहा भेटी झाल्या. दुखण्याला रोज शून्य ते दहा गुण द्यायची माझी वही बंद झाली; त्याऐवजी आज काय केलं ते लिहायचं. 'माझी कंबर कामातून गेली' असं मनात आलं, की 'माझ्या मनात असं येतंय की कंबर कामातून गेली' असं म्हणायचं. हे मला बरेच दिवस पोरकट वाटलं. मग एकदा पोळ्या लाटताना तो विचार आला, मी तसं म्हटलं आणि उरलेल्या चार पोळ्या लाटून झाल्या.

"कंबर उद्या बरी झाली तर आधी काय कराल?" या प्रश्नावर मी पटकन म्हणाले, "आईकडे जाईन." आई वाईजवळच्या गावी एकटी असते. आमच्या साताऱ्याहून तासाभराची वाट, पण दोन वर्षं मी एसटीत चढले नव्हते. "बरं वाटलं की येते" हे फोनवर किती वेळा म्हटलं असेन! त्या दिवशी मॅडमसमोर ते मोठ्यानं बोलले आणि पुढे बोलवेना.

आधी घरीच खुर्चीवर पंधरा मिनिटं बसायचं, दर आठवड्याला पाच वाढवायची. दुखलं म्हणून आधी उठायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून ताणायचंही नाही. घड्याळ सांगेल तेव्हा उठायचं. मग एसटीनं वाईच्या वाटेवरच्या पाचवडपर्यंत जाऊन परत. त्यानंतर दोन दिवस अंथरुणात गेले. मॅडम म्हणाल्या, "पाऊल लहान करू, वाट तीच ठेवू."

आता महिन्यातून दोन रविवार जाते. पाचवडला उतरते, दहा मिनिटं चालते, मागची वाईची गाडी धरते. काही रात्री कंबर झोपू देत नाही, गोळी घ्यावी लागते.

परवा आईबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत होते. तिनं विचारलं, "दुखतंय का गं?"

"दुखतंय," म्हटलं, आणि पाटी जवळ ओढली.