मेंढरांच्या वेळापत्रकाप्रमाणे

सातारा, रविवार रात्र

परदेशातल्या माझ्या विद्यापीठाने मंजूर केलेल्या आराखड्यात क्षेत्रकार्य जून ते ऑगस्ट असं आहे, कारण तेव्हा तिकडे सुट्टी असते. आणि नेमके त्याच महिन्यांत माण तालुक्यातले धनगर घरी असतात. भेटतील सगळे, पण मला अभ्यासायचं आहे ते त्यांचं चालणं!

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. पावसावर माळाला जो चारा येतो तो पुढे सरतो, मग दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र चालणारी बिऱ्हाडं, बाहेर पडतात. कुणी कृष्णाकाठी, कुणी घाट उतरून कोकणात. तिथं भात कापून शेतं मोकळी झालेली असतात. शेतकरी रात्री मेंढरं बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. पावसाआधी माघारी यायचं, कारण कोकणातली ओल मेंढराला सोसत नाही, खुरं कुजतात. हे चक्र सेमिस्टरमध्ये कोंबायचं कशाला? सेमिस्टरनेच थोडं सरकावं.

इरावती कर्वे माझाच विषय, मानववंशशास्त्र, शिकायला बर्लिनला गेल्या, १९३० साली तिथून डॉक्टरेट मिळवली. पुढे जर्मनीचे गुंथर सोन्थायमर उलट दिशेने आपल्याकडे आले आणि धनगरांच्यात राहून बिरोबा, म्हसकोबा या त्यांच्या देवांच्या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण या ओव्या गातात ते बहुतेक पुरुष. बायकांची वाट मला ऐकायची आहे. पहाटे बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, नुकती जन्मलेली कोकरं सांभाळायची, पुढच्या मुक्कामी चूल मांडायची. पाणी कुठं मिळतं, कुणाच्या बांधावरचं सरपण घेतलेलं चालतं, कुठल्या गावात कोण बाळंत झाली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असणार. नकाशावर ते कुणी कधी मांडलंय का?

म्हसवडची आत्या म्हणाली, "आधी नुसती जाऊन बस. वही काढू नकोस." तिचं मला पटलं. संमतीपत्रावर एकदा अंगठा घेतला की झालं, असं मी मानणार नाही. दर मुक्कामाला नव्याने विचारायचं, आणि नको म्हटलं तर रेकॉर्डर पिशवीतच.

आत्ताच गाईडना मेल पाठवली. हे तीन महिने ओळखीला द्यावेत, दसऱ्यापासून वाड्याबरोबर चालायची परवानगी मिळावी. शिष्यवृत्ती ऑगस्टपर्यंतच आहे, पुढच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल. तो करीनच. त्याआधी आत्याला घेऊन तिच्या ओळखीच्या घरी जाते. मला सोबत न्याल का, हे नंतर. मी आले तर बायकांचं काम वाढेल का, हे आधी विचारायचंय.