पवनचक्की थांबलेली आणि डंप लोड गरम: उलगडा झाला

मंडळी, चोर सापडला! माझ्याकडे पवनचक्की आणि सोलर पॅनेल दोन्ही एकाच बॅटरीला वीज भरतात. दिवाळीनंतर इंदूरला थंडी पडली, तेव्हापासून भर दुपारी डंप लोड हात लावू देत नव्हता, आणि गच्चीवर जाऊन पाहावं तर चक्की ढिम्म. वारा साफ पडलेला. डंप लोड म्हणजे चक्कीची जादा वीज जिरवायला बसवलेला रेझिस्टर, तो चक्की उभी असताना कशाने तापतो, हे काही केल्या कळेना.

मागे इथे विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी सॉलिड स्टेट रिले (डंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला असेल असं सुचवलं होतं. माझाही पहिला संशय त्याच्यावरच होता, कारण हे रिले जातात तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतात. पण सूर्य कलला की डंप आपोआप बंद व्हायचा, म्हणजे रिले शाबूत. मग सेन्स वायरवर, म्हणजे चक्कीच्या कंट्रोलरला बॅटरीचं व्होल्टेज कळवणाऱ्या तारेवर, संशय घेतला. बॅटरीच्या टर्मिनलवर आणि कंट्रोलरवर एकाच वेळी मीटर लावले, फरक नगण्य. शेवटी तारेभोवती लावून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर काढला. (नवीन मंडळींनी हा घ्यावाच. बाजारातले स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, आपल्या कामाचे नाहीत. जेल रोडला घेताना डीसी अँपिअर मोजून दाखवायला सांगा.) चक्कीच्या तारेत शून्य, डंपच्या तारेत १२ अँपिअर. माझा रेझिस्टर २.४ ओहमचा आहे, म्हणजे साधारण ३५० वॅट. ही सगळी वीज पॅनेलची होती! दुपारचं कोवळं, सोन्यासारखं ऊन मी जिन्याखालच्या खोलीत जाळत होते.

उलगडा झाला तो तापमानाच्या प्रोबमुळे. सोलरच्या एमपीपीटीचा (पॅनेलच्या चार्ज कंट्रोलरचा) प्रोब बॅटरीवरून सुटायला आला होता. तो नीट चिकटवावा म्हणून काढला आणि मुठीत धरून टेप शोधत होते, तेवढ्यात डंप बंद. प्रोब परत बॅटरीवर ठेवला, पण डंप बंदच राहिला. दुसऱ्या दिवशी थंड बॅटरीवर चार्जिंग ॲब्सॉर्प्शनला (बॅटरी पूर्ण भरण्याच्या, सर्वात जास्त व्होल्टेजच्या टप्प्याला) पोचलं आणि डंप पुन्हा चालू!

आता आकडे बघा. माझ्या ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटऱ्या २४ व्होल्टच्या, म्हणजे १२ सेल. थंड बॅटरीला जास्त आणि गरम बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं, म्हणून एमपीपीटी दर सेलला दर अंशामागे ४ मिलिव्होल्ट भरपाई करतो, म्हणजे एकूण ४८ मिलिव्होल्ट. २५ अंशांना ॲब्सॉर्प्शन २८.८ आणि फ्लोट (भरलेली बॅटरी टिकवून धरण्याचं व्होल्टेज) २७.६. खोलीत बॅटरी १५ अंशांवर उतरली की हेच आकडे २९.२८ आणि २८.०८ होतात. चक्कीच्या कंट्रोलरला मात्र तापमान ठाऊकच नाही. तो २९.२ ला डंप चालू करतो आणि २८.० ला सोडतो. म्हणजे एमपीपीटी आपलं काम चोख करत २९.२८ पर्यंत नेतो, डंप लागतो, आणि फ्लोटसुद्धा २८.० च्या वर असल्याने पॅनेलला दम आहे तोवर सुटतच नाही. उन्हाळ्यात बॅटरी ३८ अंशांवर असते, तेव्हा ॲब्सॉर्प्शन जेमतेम २८.१८ ला येतं, म्हणून तेव्हा सगळं शांत.

तापमान भरपाई बंद करणं मला पटत नाही. थंडीत बॅटरी उपाशी राहील आणि वैशाखात जास्त शिजेल. कंट्रोलर ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला, तर म्हणाला, "सेटिंगला हात लावू नका, कंपनीचंच ठेवा." मॅन्युअल मागितलं, तेही मिळालं नाही. अशा बंद डब्यांवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत झालंय. मर्यादा बदलता येत नसेल तो कंट्रोलर हायब्रिडच्या (वारा अधिक ऊन) कामाचा नाही. सुदैवाने आत एक पोटेन्शिओमीटर (फिरवून सेटिंग बदलायचा भाग) निघाला. तो फिरवून मर्यादा २९.८ वर नेली, सोडण्याची पातळीही सोबत वर सरकली. त्यानंतर दुपारभर रेझिस्टर गार! आणि ढगाळ दुपारीही बॅटरी पूर्ण भरायला लागली. तो गार रेझिस्टर हाताला लागल्यावर काय आनंद झाला, तो तुम्हालाच कळेल.

पण पावसाळ्यात २९.८ चालणार नाही. आषाढात नैर्ऋत्येचा वारा रात्रभर चालतो, बॅटरी ३० अंशांवर असते आणि तिला हवे असतात २८.५६ व्होल्ट. तेव्हा चक्की तिला उकळवेल. म्हणून ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० तापमान सेन्सर लावून डंपची मर्यादाही तापमानाबरोबर हलवायची, नेहमी ॲब्सॉर्प्शनच्या ०.३ व्होल्ट वर, असं ठरवलं होतं.

ठरवलं होतं म्हणते, कारण हे लिहिता लिहिताच वाटतंय की मूळ दुखणं वेगळंच आहे. डंप बॅटरीवर बसलाय, म्हणून तो कुणाचीही वीज खातो. तो ब्रिज रेक्टिफायरच्या (चक्कीच्या एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) अलीकडे, चक्कीच्या तीन फेजवरच बसवला तर? व्होल्टेज बॅटरीचं बघायचं, पण भार चक्कीवर टाकायचा. रेक्टिफायर उलटं काही जाऊ देत नाही, मग उन्हाची वीज डंपपर्यंत पोचणारच नाही. तीन सारखे रेझिस्टर स्टारमध्ये, न्यूट्रल नाही, म्हणजे दोन फेज तोडल्या तरी पुरे. आणि कॉन्टॅक्टर (मोठा रिले) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे कॉइलला वीज नसताना जोडलेला, घ्यायचा, म्हणजे ईएसपी मेला तरी चक्कीवर भार राहील आणि ती मोकाट सुटणार नाही. बोर्ड आणि सेन्सर तेच राहतील, फक्त डंपची जागा बदलेल. हेच करणार. रेझिस्टर सियागंजमध्ये मिळतील.

वडोदऱ्याच्या काकांनी विचारलं होतं की लिथियम घेतलं तर ही भानगड संपते का. एलएफपीला (लिथियम आयर्न फॉस्फेटला) ही भरपाई लागत नाही, तेवढी संपते. पण काका, भर वाऱ्यात बीएमएसने (बॅटरीच्या संरक्षण सर्किटने) बॅटरी तोडली तर चक्की एकदम बिनभाराची होते आणि व्होल्टेज उसळतं. तुमच्याकडे फेजवरचा डंप माझ्यापेक्षा जास्त गरजेचा आहे, आणि तो बॅटरीच्या नव्हे, रेक्टिफायरच्या व्होल्टेजवर चालवा.

एक हिशोब राहिला. माझ्या चक्कीचा व्यास १.५ मीटर. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, त्यामुळे हवाही विरळ, घनमीटरला १.०९ किलो धरते. सेकंदाला ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात जेमतेम २६ वॅट असतात आणि पदरात पडतात ६-७. वेग ८ झाला की तीच चक्की १२० च्या आसपास देते, कारण वेगाचा घन होतो. म्हणून हिवाळ्यात चक्कीकडून अपेक्षा नाही, तिचा मोसम जून ते ऑगस्ट, नेमका पॅनेल झाकोळलेले असतात तेव्हा. देवासजवळ जामगोद्राणीच्या टेकडीवरची पवनचक्क्यांची रांग पाहिली की आपणही खांब आणखी उंच करावा असं वाटतं, पण आधी कॉन्टॅक्टर.

तोवर मर्यादा २९.८ वरच. फेब्रुवारीत बॅटरी २० अंशांवर आली की २९.३ ला उतरवेन. कमी फ्रिक्वेन्सीच्या तीन फेजवर कुणी कॉन्टॅक्टर वापरला असेल तर कॉइल कितीची घेतली आणि संपर्क किती टिकले, ते नक्की कळवा.